राजवाड्यातला देवमासा आणि ग्रीकांचा समुद्र



तंजावर म्हटलं की आपल्या मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरफोजीराजे आठवतात, सरस्वती महाल ग्रंथालय आठवतं. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली मराठीत कोरलेला भोसल्यांचा इतिहास आठवतो. मीही इथे बदली होऊन आलो तेव्हा पहिल्याच रविवारी तो लेख पाहायला गेलो होतो. पण आजचा लेख त्यावर नाही. आजचा लेख समुद्रावर आहे, आणि त्याला कारण माझा मुलगा.

झालं असं की, गेल्या महिन्यात आम्ही सहकुटुंब राजवाडा पाहायला गेलो. चोळांच्या कांस्यमूर्ती पाहून झाल्या, दरबार पाहून झाला. तिथेच आवारात एका मोठ्या देवमाशाचा सांगाडा ठेवलेला आहे. तरंगमबाडीच्या किनाऱ्याला लागलेला देवमासा, असं सांगतात. तिसरीतलं आमचं पोर त्या हाडांसमोर थांबलं ते हलेचना. शेवटी हळूच म्हणालं, "बाबा, हा राक्षस होता का?"

मी सवयीने म्हणालो, "नाही रे, देवमासा आहे." त्यावर त्याने लगेच विचारलं, "मग देव होता का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? शेजारी उभ्या असलेल्या तमिळ गृहस्थांनी आपल्या मुलीला "तिमिंगलम" म्हणून सांगितलं. तो शब्द संस्कृतातला. तिमी नावाच्या प्रचंड माशालाही जो गिळतो तो तिमिंगल. म्हणजे एकाच सांगाड्यासमोर आम्ही दोन बाप उभे. एकाच्या भाषेत तो प्राणी देव, दुसऱ्याच्या भाषेत गिळणारा. आणि ग्रीकांच्या भाषेत तो 'कीटोस', म्हणजे सरळसरळ समुद्रराक्षस. आज शास्त्रात देवमाशांच्या गटाला जे 'सिटेशिया' म्हणतात, ते याच ग्रीक शब्दावरून.

त्या दिवसापासून मी ग्रीकांच्या समुद्राच्या मागे लागलो. ड्युटी सांभाळून जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

आपल्या डोक्यावरची गोष्ट

ज्यांनी रात्रपाळीचा पहारा केला आहे त्यांना आकाश पाठ असतं. पोंगल उलटून गेला की इथलं आभाळ स्वच्छ होतं. संध्याकाळी अंधार पडल्यावर उत्तर-पश्चिमेला इंग्रजी एम अक्षरासारखा तारकासमूह दिसतो. मराठीत आपण त्याला शर्मिष्ठा म्हणतो. जवळच वृषपर्वा, देवयानी, ययाती. आपल्या ज्योतिर्विदांनी महाभारतातली नावं दिली, पण ग्रीकांनी त्याच ताऱ्यांत दुसरं कुटुंब पाहिलं होतं. शर्मिष्ठा त्यांची राणी कॅसिओपिया, वृषपर्वा राजा सेफियस, देवयानी त्यांची मुलगी अँड्रोमेडा आणि ययाती वीर पर्सियस. त्यांच्यापासून दूर, दक्षिणेच्या बाजूला एक मोठा पसरलेला समूह आहे. मराठी खगोलाच्या पुस्तकांत त्याचं नाव तिमिंगल. तोच कीटोस.

गोष्ट अशी. कॅसिओपिया राणीने फुशारकी मारली की, समुद्रकन्या नेरीड यांच्यापेक्षा रूप आमच्याकडे जास्त. नेरीड म्हणजे सागराच्या म्हाताऱ्या देवाच्या, नेरिअसच्या, पन्नास मुली. त्यांनी समुद्राचा राजा पोसायडन याच्याकडे तक्रार केली. त्याने राज्यावर पूर सोडला आणि मागोमाग कीटोस पाठवला. राजकन्येला खडकाला बांधून त्या राक्षसाला द्या, तरच सुटका, असा कौल मिळाला. तिला बांधलंही. तेवढ्यात पर्सियस आला, त्याने राक्षस मारला आणि अँड्रोमेडाला सोडवून तिच्याशी लग्न केलं.

इथपर्यंत पुराणकथा झाली. माझे कान टवकारले ते पुढच्या भागात. हा प्रसंग आजच्या इस्राएलमधल्या याफाच्या किनाऱ्यावर घडला, असं जुने लोक मानत. रोमचा एक अधिकारी, मार्कस स्कॉरस, याने त्या 'राक्षसाची' हाडं याफाहून रोमला आणली आणि इसवी सनपूर्व ५८ मध्ये लोकांसाठी मांडली. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने त्याची मापं लिहून ठेवली आहेत. लांबी चाळीस फूट, पाठीच्या कण्याची जाडी दीड फूट, आणि बरगड्यांची उंची हिंदुस्थानातल्या हत्तींपेक्षा जास्त.

ही मापं वाचली आणि मला राजवाड्यातला सांगाडा आठवला. रोममध्येही कुणी बाप आपल्या पोराला घेऊन त्या बरगड्यांसमोर उभा राहिला असेल. पोराने विचारलं असेल, आणि बापाने बेधडक सांगितलं असेल, "हो, राक्षसच!" प्लिनीने लिहिलेली मापं मात्र बहुधा एखाद्या देवमाशाची आहेत. राक्षस माणसांच्या बोलण्यात होता, हाडं खरी होती.

कर्णे वाजवून लढलेली लढाई

माझ्या फौजी वाचकांना आवडेल असा एक प्रसंग सांगतो.

इसवी सनपूर्व ३२५. सिकंदर भारतातून परत निघाला. स्वतः वाळवंटातून गेला आणि निअर्कस नावाच्या सेनानीला आरमार देऊन सिंधूच्या मुखापासून किनाऱ्याकिनाऱ्याने पाठवलं. मकरानच्या किनाऱ्याजवळ एके पहाटे समुद्रातून पाण्याचे उंच फवारे उडताना दिसले. वाटाड्यांना विचारलं तर ते म्हणाले, हे देवमासे आहेत, श्वास सोडताना पाणी उडवतात. ऐकताच वल्हेकऱ्यांच्या हातातली वल्ही गळून पडली. लक्षात घ्या, ही सिकंदराच्या फौजेतली माणसं होती. अर्धं जग पायाखाली घालून आलेली. पण लहानपणापासून कीटोसच्या गोष्टी ऐकलेली.

निअर्कसने काय करावं? त्याने प्रत्येक गलबताजवळ जाऊन माणसांना धीर दिला. मग सागरी लढाईत करतात तशी गलबतांची रांग लावली, नाळा देवमाशांच्या दिशेने वळवल्या आणि हुकूम दिला. सगळ्यांनी एकदम रणघोष केला, कर्णे वाजले, वल्ही जोरजोरात पाण्यावर आपटली. देवमासे जवळ आले, खाली बुडाले आणि थोड्या वेळाने गलबतांच्या मागे वर आले. माणसांनी टाळ्या पिटल्या. पुढे एरियन नावाच्या लेखकाने निअर्कसच्याच वृत्तांतावरून हे सगळं लिहून ठेवलं.

मी हा प्रसंग दोनदा वाचला. देवमाशांनी काहीच केलं नव्हतं. ते फक्त श्वास घेत होते. तरीही निअर्कसने माणसांना हसलं नाही, की ओरडला नाही. त्यांच्या भीतीला त्याने एक ड्रिल दिली. ज्याला ओळखीचं काम मिळतं त्याचे हात थरथरत नाहीत, हे आपल्याला रंगरूट असल्यापासून माहीत आहे. पुढे त्याच किनाऱ्यावर त्यांना असे लोक भेटले जे वाहून आलेल्या देवमाशांच्या हाडांचे वासे आणि दारं करून घरं बांधत. राक्षस म्हणून ज्याला भ्यायचं, तोच कुणाच्या तरी घराची तुळई होता.

आणि त्याच शतकातला आणखी एक ग्रीक विसरू नका. सिकंदराचा गुरू ॲरिस्टॉटल. डॉल्फिन आणि देवमासा फुप्फुसाने श्वास घेतात, पिल्लांना जन्म देतात आणि डॉल्फिनची मादी पिल्लाला दूध पाजते, हे त्याने प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात लिहिलं आहे. यासाठी त्याने कोळ्यांचीही माहिती घेतली होती. ज्या देशात कीटोसची गोष्ट घरोघर, त्याच देशात हेही लिहिलं गेलं.

कोल्हापूरचा पोसायडन

आता थोडं माझ्या गावाकडचं. मी कोल्हापूर जिल्ह्यातला. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो भरती झाल्यावर, एकोणिसाव्या वर्षी. ग्रीक समुद्रदेवाचा आणि आमचा संबंध काय, असं मी समजत होतो. वाचता वाचता कळलं की संबंध आमच्या घरापासून एसटीने तासाभरावर आहे!

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४४च्या सुमारास तिथे कांस्यवस्तूंचा एक साठा सापडला आणि १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. जमिनीखालून सातवाहन काळातली वस्ती निघाली. त्या साठ्यात माणसं बसलेला एक छोटा हत्ती होता, रोमन पद्धतीची भांडी होती, आणि होती पोसायडनची छोटीशी मूर्ती. आज ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. लहानपणी सहलीला त्या संग्रहालयात मी गेलो होतो. तलवारी पाहून बाहेर आलो होतो!

ही मूर्ती तिथे आली कशी? पहिल्या-दुसऱ्या शतकांत रोमन साम्राज्याशी आपला व्यापार जोरात होता. मोसमी वाऱ्यावर जहाजं यायची, कोकणातल्या बंदरांत माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जायचा. इकडून मिरी, कापड, मणी जायचे. तिकडून दारूचे कुंभ, सोन्याची नाणी आणि कांस्यवस्तू यायच्या. कावेरीच्या मुखाशीही तेच चाललं होतं. पुहार, म्हणजे आजचं पूंपुहार, या चोळांच्या बंदरात यवनांची वस्ती होती, असं जुनं तमिळ साहित्य सांगतं. टॉलेमीच्या भूगोलात 'खाबेरिस' या बाजारपेठेचं नाव येतं, ते कावेरीवरूनच.

पोसायडन तीन भावांतला एक. जगाची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली. झ्यूसला आकाश, हेडीसला पाताळ आणि पोसायडनला समुद्र. हातात त्रिशूळ. बायको अँफिट्राइट, नेरीडांपैकीच एक. ती लग्नाला घाबरून लपून बसली, तेव्हा डॉल्फिनने तिला शोधून समजूत घातली. बक्षीस म्हणून त्याला आकाशात जागा मिळाली. आपण त्या ताऱ्यांना धनिष्ठा नक्षत्र म्हणतो. त्यांचा मुलगा ट्रायटन, कमरेखाली मासा, तोंडाला शंख. तो शंख फुंकला की लाटा उठतात नाहीतर निवतात.

पण पोसायडनचं आणखी एक काम होतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत महत्त्वाचं. तो भूकंपाचा देव होता. होमर त्याला जमीन हादरवणारा म्हणतो. समुद्राचा आणि भूकंपाचा देव एकच का? हा प्रश्न मला पडला, आणि उत्तर शोधताना २००४चा डिसेंबर समोर आला.

समुद्र मागे जातो तेव्हा

इसवी सनपूर्व ४७९. इराणी सेनापती आर्टाबेझस याने पोटिडिआ या ग्रीक शहराला तीन महिने वेढा घातला होता. एके दिवशी समुद्र अचानक खूप मागे गेला. तळ उघडा पडला. पलीकडे जायला आयती वाट मिळाली म्हणून इराणी शिपाई त्यावरून निघाले. पाच भागांतले दोन भाग चालून झाले होते, तीन उरले होते. तेवढ्यात पाणी परत आलं, आणि तिथल्या लोकांनी कधी पाहिलं नव्हतं इतकं आलं. पोहता न येणारे बुडाले. पोहता येणाऱ्यांना शहरातल्या लोकांनी होड्यांतून गाठून मारलं. पोटिडिआचे लोक म्हणाले, इराण्यांनी वेशीबाहेरच्या पोसायडनच्या देवळाची विटंबना केली, त्याची ही शिक्षा. इतिहासकार हिरोडोटसलाही ते पटलं.

आता दुसरा इतिहासकार ऐका. थ्युसिडिडीस. हा स्वतः सेनापती होता. इसवी सनपूर्व ४२६ मध्ये युबीआ बेटाच्या किनाऱ्यावर असंच घडलं. समुद्र मागे गेला, मग लाट होऊन आला आणि शहराचा काही भाग घेऊन गेला. थ्युसिडिडीस देवाचं नाव घेत नाही. तो लिहितो की, याचं कारण भूकंप असलं पाहिजे, धक्का जिथे सर्वांत जोराचा तिथून समुद्र मागे खेचला जातो आणि दुप्पट जोराने परत येतो, भूकंपावाचून असं होईलसं वाटत नाही.

दोघांनी पाहिलेली गोष्ट एकच. आणि पोसायडनला समुद्र आणि भूकंप ही दोन्ही खाती देणाऱ्या त्यांच्या पूर्वजांनीही तेच पाहिलेलं असणार. जमीन हलली की समुद्राकडे लक्ष ठेवा, ही नोंद देवाच्या रूपाने त्यांनी जपून ठेवली होती.

२६ डिसेंबर २००४च्या सकाळी मी एका उत्तरेकडच्या तळावर होतो. दुपारपासून विमानांत मदतीचं सामान चढवायला लागलो ते किती दिवस, आठवत नाही. तंजावरच्या पूर्वेला नागपट्टिणम. त्या एका जिल्ह्यात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. कार निकोबारच्या हवाई तळावर आपले शंभराहून अधिक वायुसैनिक आणि त्यांचे कुटुंबीय गेले. ट्रेनिंगला माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा मित्र तिथे होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. बॅचमधल्या ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. तिथे जमीन आधी हादरली आणि पाणी मागून काही मिनिटांत आलं. तेवढ्या वेळात कुणी काय करू शकलं असतं, याचा हिशोब मी फार वर्षं करत राहिलो. आता करत नाही.

पण त्याच दिवशीच्या दोन गोष्टी मला सांगायच्या आहेत. थायलंडमधल्या एका किनाऱ्यावर सुट्टीला आलेल्या दहा वर्षांच्या इंग्लिश मुलीने पाण्याला आलेला फेस पाहिला. दोन आठवड्यांपूर्वीच शाळेत भूगोलाच्या तासाला तिने हे शिकलं होतं. तिने आईवडिलांना सांगितलं, किनारा रिकामा झाला, सुमारे शंभर माणसं वाचली.

दुसरी गोष्ट सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटाची. हे बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ. १९०७ साली तिथे अशीच लाट येऊन खूप माणसं मेली होती. तेव्हापासून तिथल्या आज्या नातवंडांना 'स्मोंग'ची गोष्ट सांगत आल्या. जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला तर मासे वेचायला धावू नका, डोंगराकडे पळा. २००४ला जमीन हलली आणि 'स्मोंग, स्मोंग' ओरडत सगळं बेट डोंगरावर गेलं. सुमारे पाऊण लाख वस्तीत मृत्यू झाले फक्त सात.

इकडे पुहारचीही गोष्ट आहेच. 'मणिमेकलै' या जुन्या तमिळ महाकाव्यात मणिमेकला नावाची समुद्रदेवी येते. ती बुडणाऱ्या भल्या माणसांना वाचवते. पण राजाकडून इंद्रोत्सव करायचा राहिला म्हणून ते सुंदर शहर समुद्राच्या पोटात गेलं, असंही तिथे सांगितलं आहे. गोष्ट मोठी, काव्य थोर. पण त्यातून हाताशी काय लागतं? उत्सव चुकवू नका, एवढंच. सिमेउलुएच्या आज्यांच्या गोष्टीत देव नाही, काव्यही फार नसेल. पण त्यात काय दिसलं आणि काय करायचं, हे दोन्ही होतं.

माझं सगळं वाचन या एका मुद्द्यावर येऊन थांबतं. समुद्राच्या जुन्या गोष्टी म्हणजे पूर्वजांचं ड्युटी रजिस्टर आहे. त्यात कुणी काय पाहिलं ते लिहिलेलं आहे, आणि वर देवाची किंवा राक्षसाची सही आहे. आपण सही तेवढी वाचतो आणि नोंद वाचायची राहून जाते.

मनोऱ्याखालची समुद्रगाय

मागच्या रविवारी मुलाला खरा समुद्र दाखवायला आम्ही पट्टुकोट्टईमार्गे मनोऱ्याला गेलो. पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठी सरफोजीराजांनी १८१४च्या सुमारास बांधलेला हा आठ मजली, षट्कोनी बुरूज. इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून बांधला. भोसल्यांच्या राजाने इंग्रजांचा विजयस्तंभ उभारावा, हे मराठी मनाला खुपतं, मलाही खुपलं. पण राज्य हातातून गेलेल्या राजाकडे ग्रंथ, औषधं आणि इमारती एवढंच उरलं होतं, हेही खरं.

त्या मनोऱ्यासमोरच्या उथळ समुद्रात ग्रीक पुराणातलं एक नाव आजही जिवंत आहे. प्राण्याचं नाव ड्युगाँग. तमिळ कोळी त्याला 'कडल पसु', म्हणजे समुद्रगाय म्हणतात. पाण्याखालचं गवत चरणारा, तीन मीटरपर्यंत वाढणारा, शांत प्राणी. शास्त्रज्ञांनी त्याच्या गटाला १८११ साली 'सायरेनिया' नाव दिलं, ग्रीकांच्या सायरनवरून.

सायरन म्हणजे गाण्याने खलाशांना भुलवून मारणाऱ्या बायका. होमरच्या 'ओडिसी'त ओडिसिअस आपल्या माणसांच्या कानांत मेण भरतो, स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो आणि ते गाणं ऐकतो. गंमत म्हणजे ग्रीकांच्या चित्रांत या सायरन पक्षी असतात. धड पाखराचं, तोंड बाईचं. माशाची शेपटी त्यांना मध्ययुगात चिकटली. मग दर्यावर्दींना समुद्रगाय दिसली की मत्स्यकन्या आठवू लागली. कोलंबसने १४९३च्या जानेवारीत अशा तीन पाहिल्या आणि चित्रात दाखवतात तेवढ्या त्या सुंदर नाहीत, अशी नोंदही झाली!

नाव भुलवून मारणारीचं, आणि प्रत्यक्षात मरतोय तो प्राणीच. याच गटातली स्टेलरची समुद्रगाय १७४१ साली युरोपीय माणसाला पहिल्यांदा दिसली आणि १७६८पर्यंत शिकारीने संपली. सत्तावीस वर्षांत. आपल्या देशात ड्युगाँग उरले सुमारे २४०, असा सरकारी अंदाज आहे. मादीला एका वेळी एकच पिल्लू, तेही काही वर्षांच्या अंतराने. पुन्हा श्वास घ्यायला वर यावंच लागतं, म्हणून जाळ्यात अडकली की गुदमरते. सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने तंजावर आणि पुदुक्कोट्टई जिल्ह्यांच्या किनाऱ्यावरचं ४४८ चौरस किलोमीटरचं क्षेत्र ड्युगाँगसाठी राखीव केलं. देशातलं असं पहिलंच. जाळ्यात आलेली समुद्रगाय जिवंत सोडणाऱ्या कोळ्यांचा वनखात्याकडून सत्कार होतो. जाळं कापून ती सोडायची म्हणजे त्या दिवसाची कमाई आणि जाळं दोन्हीवर पाणी. पण ही माणसं तिला गाय म्हणतात. नावाचा असाही परिणाम होतो.

आम्हाला त्या दिवशी समुद्रगाय दिसली नाही. मुलगा हिरमुसला. मी त्याला सांगितलं की हिचा सगळ्यांत जवळचा जमिनीवरचा नातलग हत्ती आहे. ते ऐकून स्वारी खूश झाली. आणि मला तो रोमन प्लिनी आठवला, राक्षसाच्या बरगड्या हत्तीशी मोजणारा.

परतीच्या वाटेवर मुलाने जुना प्रश्न पुन्हा काढला. "बाबा, मग राजवाड्यातला तो राक्षस होता की देव?"

मी म्हणालो, "तो श्वास घ्यायला वर यायचा. लोकांनी फक्त फवारा पाहिला. कुणी राक्षस म्हणालं, कुणी देव. तू काय पाहिलंस ते सांग."

थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "त्याच्या पुढच्या परात बोटांची हाडं होती. आपल्यासारखी."

मी तीनदा त्या सांगाड्यासमोर उभा राहिलो होतो. बोटं माझ्या लक्षात आली नव्हती.

तुमच्यापैकी कुणी कोल्हापूरला गेलात तर टाऊन हॉलमधल्या त्या छोट्या पोसायडनला भेटून या. आणि डिसेंबर २००४ला जे किनाऱ्यावर किंवा बेटांवर ड्युटीवर होते, त्यांनी तेव्हा जे पाहिलं ते लिहून ठेवा, नाहीतर नातवंडांना सांगा. देवाचं नाव घ्या अगर घेऊ नका, पण जमीन कधी हलली, पाणी कुठपर्यंत आलं आणि कोण कुठल्या बाजूला पळालं, ते तेवढं नक्की सांगा.

जय हिंद.